‘एक्स’चा शोध आणि 75 टक्क्यांचा आकडा : गरोदरपणात सांधेदुखी का थांबते?

थिसिसच्या प्रस्तावनेचा पहिला खर्डा मी गाइडकडे दिला, तेव्हा त्यात एक वाक्य होतं : ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेल्या सुमारे 75 टक्के स्त्रियांचा आजार गरोदरपणात सुधारतो.’ शेजारी तीन संदर्भ. मला ते वाक्य अगदी सुरक्षित वाटत होतं. खर्डा परत आला तेव्हा 75 भोवती पेन्सिलीचा गोल होता आणि समासात दोनच प्रश्न : कोणी मोजलं? कसं मोजलं?

अर्ध्या तासाचं काम, असं मला वाटलं. पहिला संदर्भ उघडला, तर त्याने दुसऱ्या पेपरकडे बोट दाखवलं. दुसऱ्याने तिसऱ्याकडे. असं मागे मागे जात मी शेवटी 1938 सालापर्यंत पोचले. वाटेत जे सापडलं ते माझ्या एका वाक्यापेक्षा खूप मोठं होतं. त्यात एक नोबेल पारितोषिक आहे, एक चुकीचं (पण फारच फलदायी) अनुमान आहे, आणि ‘मोजणं’ म्हणजे काय याचा धडा आहे. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून ती सगळी गोष्ट इथे लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

आपली प्रतिकारयंत्रणा बाहेरून आलेल्या जंतूंशी लढते. कधी कधी मात्र ती आपल्याच पेशींना परकं समजायला लागते. अशा आजारांना स्वयंप्रतिकार आजार म्हणतात. त्यातले जे सांधे, स्नायू, त्वचा आणि सोबत इतर अवयव धरतात, त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (बोलीत आमवात) आणि ल्युपस हे त्यातले दोन ठळक आजार. दोन्ही पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतात, आणि ल्युपस तर बहुतेकदा मूल होण्याच्या वयातच गाठतो. म्हणजे ‘गरोदरपणात या आजाराचं काय होतं?’ हा प्रश्न फक्त प्रयोगशाळेतला नाही. ‘मी मूल होऊ देऊ का?’ असं डॉक्टरसमोर बसून विचारणाऱ्या बाईचा तो प्रश्न आहे.

कावीळ झालेला डॉक्टर

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये. 1929 च्या एप्रिलमध्ये फिलिप हेंच या तरुण डॉक्टरकडे 65 वर्षांचा एक रुग्ण आला. तो स्वतःही डॉक्टर होता. त्याने एक विचित्र गोष्ट सांगितली : कावीळ झाली आणि वर्षानुवर्षं दुखणारे सांधे जवळजवळ थांबले. कावीळ गेल्यावरही काही महिने आराम टिकला.

एखाद्या रुग्णाने असं सांगितलं तर बहुतेक डॉक्टर ‘असेल बुवा’ म्हणून पुढचा रुग्ण बोलावतील. हेंचने तसं केलं नाही. त्या काळी हा आजार एकदा लागला की हात-पाय वाकडे करूनच थांबतो अशी समजूत होती. तो आपोआप मागे हटू शकतो, ही गोष्टच हेंचला महत्त्वाची वाटली. मागे हटतो याचा अर्थ शरीरात त्याला मागे हटवणारं काहीतरी आहे. हेंच अशी उदाहरणं गोळा करत गेला. कावीळ झालेले आणखी रुग्ण सापडले, आणि मग दुसरा धागा हाती लागला : गरोदर स्त्रिया. दिवस गेले की सूज उतरायची, बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ती परत यायची.

1938 मध्ये हेंचने गरोदरपण आणि सांधेदाहावरचा आपला पेपर मेयो क्लिनिकच्या इतिवृत्तात छापला. हाताशी होत्या मोजक्याच स्त्रिया, आणि त्यांतल्या अनेकींच्या बाबतीत आधारही आठवणींचा : ‘मागच्या खेपेला बरं वाटलं होतं का हो?’ ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन वर्तुळांचा छेद

आता हेंचचा तर्क पाहा. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

कावीळ झाली की रक्तात पित्तातले पदार्थ वाढतात, मग आराम देणारी गोष्ट पित्तातली असेल का? पण गरोदर स्त्रियांना तर कावीळ नसते, तरी त्यांना आराम पडतो. बरं, मग ते स्त्रीचं लैंगिक हार्मोन असेल का? पण कावीळ झालेल्या पुरुषांनाही आराम पडतो. दोन्ही परिस्थितींत काम करणारा पदार्थ एकच असेल, तर तो पित्ताचाही नाही आणि खास स्त्रीदेहाचाही नाही. तो स्त्री-पुरुष दोघांच्याही शरीरात असणारा, बहुधा हार्मोनसारखा पदार्थ असला पाहिजे. हेंचने त्याला नाव दिलं ‘सब्स्टन्स एक्स’, म्हणजे पदार्थ एक्स.

या तर्कात एक गृहीतक लपलेलं आहे, ते दिसलं का? ‘पदार्थ एकच असेल तर.’ दोन वेगवेगळ्या परिस्थितींत दोन वेगवेगळ्या कारणांनीही आराम पडू शकतो. पण हेंचने एकच कारण धरलं आणि त्यामुळे शोधाला दिशा मिळाली.

त्याच मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल हा रसायनशास्त्रज्ञ ॲड्रिनल ग्रंथींमधून एकेक संयुग वेगळं करत होता. त्यांना तो ए, बी, ई अशी अक्षरं देत असे. स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन हेच काम स्वतंत्रपणे करत होता. 1941 मध्ये हेंच आणि केंडल यांची चर्चा झाली आणि हेंचने वहीत नोंद करून ठेवली की संयुग ई सांधेदाहावर वापरून पाहायचं. पण वापरणार कुठून? ढीगभर ग्रंथींमधून चिमूटभर पदार्थ निघायचा.

इथे युद्ध मदतीला आलं. जर्मन वैमानिकांना ॲड्रिनलचा अर्क देऊन जास्त उंचीवर उडवलं जातंय, अशी अफवा अमेरिकेत पोचली आणि या संयुगांच्या संशोधनाला सरकारी पाठबळ मिळालं. अफवा खोटी निघाली, पण रसायनशास्त्र पुढे गेलं. मर्क कंपनीतल्या लुइस सॅरेटने संयुग ई कृत्रिमरीत्या बनवलं. कच्चा माल काय होता? गुराढोरांच्या पित्तातलं आम्ल! हेंचने पित्ताला संशयितांच्या यादीतून काढून टाकलं होतं, आणि औषध शेवटी पित्तापासूनच तयार झालं.

21 सप्टेंबर 1948 रोजी 29 वर्षांच्या एका स्त्रीला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. तिचे सांधे इतके धरले होते की चालणं मुश्कील होतं. दोन-तीन दिवसांत फरक दिसू लागला आणि आठवडाभरात ती गावात खरेदीला जाऊन आली. संयुग ई ला पुढे ‘कॉर्टिसोन’ हे नाव मिळालं. 1950 चं वैद्यकाचं नोबेल केंडल, राइखश्टाइन आणि हेंच या तिघांना मिळालं. हेंचने आपल्या वाट्यातला काही भाग सहकाऱ्यांना आणि वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टर पँटालिऑन यांनाही दिला.

पण थांबा

कॉर्टिसोन हाच ‘एक्स’ होता का? गोष्ट इथे संपली असती तर पाठ्यपुस्तकात छान बसली असती. पण औषध थांबवलं की दुखणं परत यायचं. मोठ्या डोसने चेहरा सुजायचा, हाडं ठिसूळ व्हायची, जंतुसंसर्ग वाढायचा. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं असं की गरोदरपणात शरीरातलं कॉर्टिसॉल वाढतं हे खरं असलं, तरी काही जणींना भरपूर आराम का पडतो आणि काहींना अजिबात का नाही, हे फक्त त्यावरून सांगता येत नाही. कॉर्टिसॉल तर सगळ्याच गरोदर स्त्रियांमध्ये वाढतं.

म्हणजे हेंचने प्रश्न विचारला गरोदरपणाचा आणि उत्तर सापडलं दुसऱ्याच प्रश्नाचं. जगाला एक औषधांचा वर्गच मिळाला, मूळ प्रश्न मात्र तिथेच राहिला. संशोधनात हे वरचेवर होतं. म्हणून यशस्वी झालेला प्रत्येक तर्क बरोबरच होता, असं मागे वळून म्हणू नये.

पोटातला पाहुणा

मूळ प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने जाणारी वाट 1953 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेदावरने दाखवली. गर्भाचा अर्धा वारसा वडिलांकडून येतो, म्हणजे आईच्या प्रतिकारयंत्रणेसाठी तो अर्धा परका. दुसऱ्याची किडनी बसवली तर शरीर ती नाकारतं, मग नऊ महिने गर्भ कसा टिकतो? थोडक्यात, गरोदरपणात आईची प्रतिकारयंत्रणा काहीतरी वेगळं वागत असणार. त्या वेगळ्या वागण्याचा फायदा सांध्यांना मिळत असेल का?

1993 मध्ये सिएटलच्या ली नेल्सन आणि सहकाऱ्यांनी यावर नेमका प्रश्न विचारला. एचएलए ही आपल्या पेशींवरची ओळखपत्रं समजा. आई आणि बाळ यांची ठरावीक ओळखपत्रं वेगळी असली तर आराम जास्त पडतो का? ज्या 34 गरोदरपणांत आजार सुधारला, त्यांतल्या 26 मध्ये असा फरक होता. ज्या 12 मध्ये आजार सक्रियच राहिला, त्यांत फक्त 3 मध्ये. बाळ जितकं ‘परकं’, तितका आईला आराम! कल्पना विलक्षण सुंदर. मात्र नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हा संबंध इतका ठळक दिसला नाही. 34 आणि 12 हे आकडे किती लहान आहेत, हे पुन्हा एकदा पाहा.

दुसरा धागा साखरेचा. आपल्या रक्तातल्या आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांवर साखरेच्या साखळ्या असतात. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांत या साखळ्यांच्या टोकाची गॅलॅक्टोज कमी असते, हे 1985 मध्ये समोर आलं. गरोदरपणात ही गॅलॅक्टोज वाढते आणि बाळंतपणानंतर पुन्हा घटते, म्हणजे आजाराच्या चढउताराशी ताल जुळतो. आता हे कारण आहे की नुसती सोबत, हे ताल जुळण्यावरून ठरत नाही.

आता तो 75 चा आकडा

हेंचनंतर अनेक दशकं जे अभ्यास झाले, त्यांतले बरेचसे मागे वळून पाहणारे होते. जुने केसपेपर काढायचे किंवा स्त्रियांना आठवून सांगायला सांगायचं. यात अडचण काय? बाळंतपणानंतर दुखणं जोरात उसळलं, की त्याच्या तुलनेत आधीचे नऊ महिने सुखाचेच आठवतात. शिवाय डॉक्टरला जी केस लक्षात राहते ती चमत्काराची. जिला काहीच फरक पडला नाही तिची केस कोण लिहून ठेवतो? यातूनच ‘तीन चतुर्थांश स्त्रियांना आराम’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत स्थिरावलं, आणि तिथून माझ्या खर्ड्यात आलं.

1999 मध्ये ब्रिटनमध्ये 140 स्त्रियांचा पाठपुरावा करणारा अभ्यास छापून आला. अनेकींना बरं वाटलं होतं, पण पूर्ण आराम पडलेल्या फक्त 16 टक्के होत्या. तिथेही स्त्रिया गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात सामील झाल्या होत्या, म्हणजे आधीच्या महिन्यांसाठी पुन्हा आठवणच.

मग 2008 मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या गटाने 84 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या बऱ्याच जणींना तर गर्भ राहण्याआधीपासून तपासलं होतं. मोजमाप ठरवताना या गटाने घेतलेली काळजी मुद्दाम पाहा. सांधेदाह मोजताना एरवी रक्तातला ईएसआर पाहतात, पण तो निरोगी गरोदर बाईतही वाढतो. म्हणून त्याऐवजी सीआरपी घेतलं. ‘एकंदर कसं वाटतंय?’ हा प्रश्न एरवी मोजमापात असतो, पण गरोदर बाईची कंबर दुखते, थकवा येतो, त्याचा सांध्यांशी संबंध नसतो. म्हणून तो प्रश्न वगळला. पावलं आणि घोटे गरोदरपणात तसेही सुजतात, आणि 28 सांध्यांची जी पद्धत वापरली तिच्यात ते मोजलेच जात नाहीत.

निकाल काय आला? पहिल्या तिमाहीत ज्यांचा आजार मध्यम किंवा तीव्र होता, त्यांतल्या 48 टक्के स्त्रियांत सुधारणा दिसली. ज्यांचा आजार आधीच शांत होता, त्यांचा बहुतांशी तसाच राहिला. बाळंतपणानंतर 39 टक्के स्त्रियांत आजार उसळला. म्हणजे हेंचने पाहिलेलं खोटं नव्हतं, फक्त तीन चतुर्थांशांच्या जागी साधारण निम्मं होतं. यात औषधांचाही वाटा असणार : आजच्या स्त्रिया हेंचच्या काळापेक्षा खूप चांगल्या उपचारांवर असतात, त्यामुळे सुधारायला जागाच कमी उरते.

टक्क्यांचा हा फरक म्हणजे नुसता हिशेब नाही. ‘दिवस गेले की तुझं दुखणं आपोआप थांबेल’ असं सांगून एखादीची सगळी औषधं बंद केली आणि ती उरलेल्या निम्म्यांत निघाली, तर नऊ महिने तिचे सांधे झिजत राहतात.

ल्युपस : उलटी गोष्ट, की गोंधळाची गोष्ट?

ल्युपसबाबत शहाणपण नेमकं उलटं होतं. गरोदरपण म्हणजे ल्युपसला आमंत्रण, म्हणून मूल नकोच, असा सल्ला अनेक वर्षं दिला गेला. 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या मायकल लॉकशिन आणि सहकाऱ्यांनी ल्युपस असलेल्या गरोदर आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांची तुलना केली. निष्कर्ष : गरोदरपणात आजार वाढत नाही. 1991 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून मिशेल पेट्री यांच्या गटाचा निष्कर्ष आला : वाढतो.

दोन चांगले गट, दोन उलट उत्तरं. कोणाचं खरं? इथे ‘उसळी’ कशाला म्हणायचं हाच मोठा प्रश्न आहे. गरोदरपणात चेहऱ्यावर वांग येतात, ल्युपसमध्ये चेहऱ्यावर पुरळ येतं. बाळंतपणानंतर केस गळतात, ल्युपसमध्येही गळतात. प्री-एक्लॅम्पसियात रक्तदाब वाढतो आणि लघवीतून प्रथिनं जातात, ल्युपसने किडनी धरली तरी तेच होतं. कोणतं लक्षण कोणाच्या खात्यावर लिहायचं, आणि तुलना कोणाशी करायची, यावर उत्तर बदलतं.

याच काळात, 1993 मध्ये, एक देखणा सिद्धांत आला : गरोदरपणात प्रतिकारयंत्रणा टीएच-1 कडून टीएच-2 प्रकारच्या प्रतिसादाकडे झुकते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस टीएच-1 चा म्हणून सुधारतो, ल्युपस टीएच-2 चा म्हणून बिघडतो. एका झटक्यात दोन्ही कोडी सुटली! परीक्षेत लिहायला हे उत्तर इतकं सोपं होतं की ते अजूनही लिहिलं जातं. पण ल्युपस खरंच किती बिघडतो हेच नक्की ठरलेलं नव्हतं, त्याआधी ‘का बिघडतो’ याचं उत्तर तयार होतं. आज हा सिद्धांत फार ढोबळ मानला जातो.

प्रश्न पुढे सरकला तो विचारण्याची पद्धत बदलल्यावर. ‘गरोदरपणात ल्युपस वाढतो का?’ याऐवजी ‘कोणाचा वाढतो?’ अमेरिका आणि कॅनडात झालेल्या प्रॉमिस अभ्यासाचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. गर्भ राहताना ज्यांचा आजार शांत किंवा सौम्य आणि स्थिर होता, अशा 385 स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या 81 टक्के स्त्रियांचं गरोदरपण गुंतागुंतीशिवाय पार पडलं. ‘मूल नकोच’ या सल्ल्याची जागा ‘आधी आजार शांत करू, मग ठरवू’ या सल्ल्याने घेतली. मधल्या दशकांत कितीजणींनी मूल होऊ दिलं नाही, याचा हिशेब कुठल्याच पेपरमध्ये सापडत नाही.

बाळंतपणानंतरचे महिने

एक गोष्ट मात्र हेंचपासून रॉटरडॅमपर्यंत सगळ्यांनी सांगितली : बाळंतपणानंतरचा काळ जपा. आधी काहीच नसलेल्या स्त्रीत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस नव्याने सुरू होण्याचा धोकाही याच काळात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, जास्त असतो, असं ब्रिटनमधल्या 1992 च्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे बाळंतिणीचे हात-पाय दुखले तर ‘वारं लागलं असेल, शेक घे’ म्हणतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली राहत असतील आणि सूज आठवड्यांमागून आठवडे टिकत असेल, तर तिला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे न्यायला हवं. बाळाला उचलताना मनगट साथ देत नाही, हे ती कोणाला सांगेलच असं नाही. विचारावं लागतं.

माझं वाक्य

शेवटी मी प्रस्तावनेतलं ते वाक्य असं बदललं : ‘पहिल्या तिमाहीत आजार किमान मध्यम तीव्रतेचा असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांत गरोदरपणात सुधारणा आढळली आहे, जुन्या, मुख्यतः आठवणींवर आधारलेल्या अभ्यासांत हे प्रमाण याहून जास्त नोंदलं गेलं होतं.’ वाक्य लांबलं, थोडं रुक्षही झालं. पण आता कोणी ‘कोणी मोजलं, कसं मोजलं?’ विचारलं, तर उत्तर त्या वाक्यातच आहे.

तुम्हीही तुमच्या प्रपोजलमधला सगळ्यात सुरक्षित वाटणारा आकडा घ्या आणि त्याच्या मागे मागे चालत जा. तो जिथून निघाला त्या पेपरपर्यंत पोचा. माझ्या त्या अर्ध्या तासाचे तीन आठवडे झाले, आणि थिसिसचा दुसरा प्रश्न मला तिथेच सापडला.